शुश्रूषेचा हिशेब कोण मांडणार?

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव महाराष्ट्राला नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्याच्या लढाईत तानाजी कामी आले. त्यांचा देह मढेघाटाने खाली कोकणात उतरवून उमरठला आणण्यात आला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी आजही या गावात आहे. मुलाच्या लग्नाची तयारी मागे ठेवून मोहिमेवर गेलेल्या या वीराची कथा प्रत्येक मराठी माणसाने लहानपणीच ऐकलेली असते. त्या कथेत मागे राहिलेल्या घराचा उल्लेख मात्र फारसा येत नाही. त्या घरातील लेकरे, वृद्ध आणि दुखणेकरी यांचे पुढे कोणी पाहिले, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या डोंगराळ भागात घर सोडून जाणाऱ्या पुरुषांची ही परंपरा पुढेही चालू राहिली. कोणी पलटणीत भरती झाले, कोणी मुंबईच्या गिरणीत, गोदीत वा दुकानात चाकरीला लागले. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाचे तर नावच सैन्यातील भरतीमुळे प्रसिद्ध झाले. बाहेर गेलेल्यांच्या कमाईची नोंद हजेरीपटावर, पगारपत्रकात आणि टपाल खात्याच्या पावतीवर झाली. मागे राहिलेल्यांनी मुले वाढवली, आजाऱ्यांची सेवा केली, वृद्धांना शेवटपर्यंत सांभाळले. त्याची नोंद कोठेही झाली नाही. घरच्या माणसांनी घरच्या माणसांची विनामोबदला केलेली शुश्रूषा हा केवळ माया-ममतेचा विषय नसून तो अर्थव्यवस्थेचाही विषय आहे, हे आता जगभर मान्य होऊ लागले आहे. मुंबईसारख्या महानगराची श्रमशक्ती ज्या खोऱ्यांनी पुरवली, त्या खोऱ्यांच्या संदर्भात तर हा हिशेब मांडणे अधिकच अगत्याचे ठरते.

शुश्रूषा म्हणजे नेमके कोणते काम?

घरातील बिनपगारी कामांचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी, पाणी भरणे हे घरकाम झाले. तान्ह्या मुलाला न्हाऊमाखू घालणे, बाळंतिणीची उठबस करणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे, त्याला भरवणे, शौचास नेणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, दवाखान्यात सोबत राहणे ही प्रत्यक्ष शुश्रूषा होय. तिसरा भाग केवळ लक्ष ठेवण्याचा. स्मृतिभ्रंश झालेले सासरे घराबाहेर तर पडले नाहीत ना, पाळण्यातले मूल उठले तर नाही ना, याकडे कान लावून बसणारी व्यक्ती वरवर पाहता रिकामी दिसते. परंतु तिला जागेवरून हलता येत नाही.

या कामाला उत्पादक काम म्हणावे काय, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये घरगुती उत्पादनावरील आपल्या ग्रंथात एक साधी कसोटी सांगितली. जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येते, ते उत्पादक काम. जेवण आपल्यासाठी दुसरा कोणी जेवू शकत नाही. परंतु ते रांधण्यासाठी माणूस ठेवता येतो. या कसोटीवर रुग्णाची शुश्रूषा पूर्णपणे उतरते. शहरात त्यासाठी परिचारिका, आया किंवा वॉर्डबॉय ठेवले जातात आणि त्यांना दरमहा वेतन दिले जाते.

तरीही राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत या कामाला स्थान नाही. १९९३ आणि २००८ च्या सुधारित पद्धतींनुसार शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी पिकवलेले भात उत्पादनात धरले जाते. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाचे मानीव भाडेही धरले जाते. विहिरीवरून घरी आणलेले पाणीसुद्धा तत्त्वतः उत्पादनात मोडते. मात्र तेच पाणी तापवून आजारी माणसाला आंघोळ घातली, तर ते उत्पादन ठरत नाही. न्यूझीलंडच्या अर्थतज्ज्ञ व माजी खासदार मेरिलिन वेरिंग यांनी १९८८ मध्ये या पद्धतीवर सविस्तर टीका केली आणि त्यानंतर हा विषय जागतिक चर्चेत आला. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकाराने भरलेल्या श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेने अशा सेवेला ‘काम’ म्हणून मान्यता दिली. तथापि राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात ती अजूनही आलेली नाही.

मनीऑर्डरची दुसरी बाजू

कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश’ असे दीर्घकाळ म्हटले गेले. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. रत्नागिरी जिल्ह्यातून आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून हजारो पुरुष तेथे गेले. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि शहरातील पगाराचा एक हिस्सा दरमहा गावी पोहोचू लागला. २०१५ मध्ये मनीऑर्डरची जुनी पद्धत बंद झाली. आता पैसे मोबाइलवरून बँकखात्यात येतात. शहराने गावाला काय दिले, याचा हिशेब त्यामुळे सहज सापडतो. गावाने शहराला काय दिले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

तो असा मांडता येईल. गिरणीला मिळणारा कामगार अठरा-वीस वर्षांचा धडधाकट तरुण असे. त्याला लहानाचे मोठे करण्याचा भार गावातील आई, आजी आणि चुलत्यांच्या घराने उचललेला असे. त्याची बायको-मुले बहुधा गावीच राहत. तो क्षयाने अथवा गिरणीतील कापसाच्या धुळीने आजारी पडला की गावी येई; संप वा टाळेबंदी झाली की गावी येई; हातपाय थकले की कायमचाच गावी येई. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांवरील १९९४ च्या आपल्या ग्रंथात कामगारांचे गावाशी असलेले हे नाते तपशिलाने दाखवून दिले आहे. बेकारी आणि आजारपण यांत गाव हाच कामगाराचा विमा होता. या विम्याचा हप्ता गावातील स्त्रिया आपल्या श्रमाने भरत होत्या. शहरातील वेतन एका माणसाच्या पोटापुरते आणि थोड्या शिलकीपुरते राहू शकले, याचे एक कारण हेच होय.

तेच काम शहरात मात्र विकत घ्यावे लागे. गिरणगावातील खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या ठरलेल्या दराने दोन वेळचे जेवण देत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये याच खानावळवाल्या भगिनींना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. एकच भाकरी गिरणगावात थापली तर तो व्यवसाय ठरत होता आणि पोलादपूरच्या एखाद्या वाडीत थापली तर ते कर्तव्य ठरत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्य पुन्हा कामावर जाऊ शकले नाहीत. अनेकांनी गावची वाट धरली. मनीऑर्डर थांबली, परंतु घरातील खाणारी तोंडे आणि आजारपणे वाढली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हाही मुंबईतील चाकरमानी कोकणातील घरांकडे परतले आणि त्यांच्या विलगीकरणाची, जेवणखाणाची व शुश्रूषेची व्यवस्था पुन्हा त्याच घरांनी केली. त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील घरांची छपरे उडवली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली; पोलादपूर तालुक्यातही त्याच सुमारास दरडींनी बळी घेतले. अशा प्रत्येक संकटानंतर घरांची, रस्त्यांची आणि पिकांची हानी पंचनाम्यात लिहिली जाते. जखमी झालेल्यांची आणि मनाने खचलेल्यांची पुढील अनेक महिने घरी जी सेवा होते, तिच्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

आकडे काय सांगतात?

माणसे चोवीस तासांचा वेळ कसा घालवतात, याची पाहणी भारतात प्रथम जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात सहा राज्यांत प्रायोगिक स्वरूपात झाली. हरियाना, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तमिळनाडू आणि मेघालय ही ती राज्ये. महाराष्ट्र त्यांत नव्हता. संपूर्ण देशाची पहिली पाहणी २०१९ मध्ये आणि दुसरी २०२४ मध्ये झाली.

२०२४ च्या पाहणीनुसार १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींच्या संगोपन-शुश्रूषेत सहभागी होत्या. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के होते. जे हे काम करतात त्यांच्यापैकी स्त्रियांनी दिवसाकाठी सरासरी १४० मिनिटे, तर पुरुषांनी ७४ मिनिटे दिली. घरकामाचा वेळ याहून वेगळा. त्यात या वयोगटातील स्त्रियांची सरासरी ३०५ मिनिटे भरली.

१४० मिनिटे हा आकडा वरकरणी लहान वाटतो. परंतु रोज इतका वेळ देणाऱ्या व्यक्तीचे वर्षाला सुमारे ८५० तास होतात. म्हणजे आठ तासांच्या कामाचे १०६ दिवस. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. शुश्रूषा करणारी स्त्री तितके दिवस घरातच भरते. त्यासाठी तिला जॉबकार्ड नाही आणि मजुरीही नाही.

शिवाय हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच असण्याचा संभव अधिक आहे. या पाहणीत पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतच्या वेळेचे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग पाडले जातात आणि त्या भागात केलेली मुख्य कामे लिहून घेतली जातात. रात्रीतून चार वेळा उठून पाच-पाच मिनिटे रुग्णाला पाणी पाजणे अशा चौकटीत नीट बसत नाही. भाकरी करता करता नातवाकडे लक्ष ठेवणारी आजी भाकरी करताना दिसते, मूल सांभाळताना दिसत नाही.

स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने २०२३ मध्ये देशातील स्त्रियांच्या बिनपगारी घरकाम-संगोपनाचे मूल्य सुमारे २२.७ लाख कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण साडेसात टक्के, असे काढले. त्यातील १४.७ लाख कोटी रुपयांचा वाटा ग्रामीण स्त्रियांचा होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात दररोज १,६४० कोटी तास अशा कामावर खर्च होतात आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा स्त्रियांचा आहे.

घराला बसणारी झळ

घरात एक माणूस अंथरुणाला खिळला की खर्चाच्या दोन बाजू उघडतात. औषध, तपासणी, गाडीभाडे ही पहिली बाजू. ती सरकारी हिशेबात दिसते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. दुसरी बाजू बुडालेल्या वेळेची, आणि ती या लेख्यांत येत नाही.

महाड-पोलादपूरच्या आतील भागात ही दुसरी बाजू अधिक जड होते. येथील गावे वाड्या-वाड्यांत विखुरलेली आहेत. ज्या वाडीपर्यंत गाडी पोहोचत नाही तेथून रुग्णाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. डोलीला चार खांदे लागतात आणि अदलाबदलीला आणखी चार. तरुण मुंबईला असल्यामुळे हे आठ खांदे जमवणे हेच एक काम होऊन बसते. पुढे पोलादपूरचे ग्रामीण रुग्णालय. तेथे भागले नाही तर महाड किंवा माणगाव. त्याहून गंभीर दुखणे असेल तर शंभर किलोमीटरहून दूर असलेले अलिबागचे जिल्हा रुग्णालय अथवा मुंबई. रुग्णासोबत एक माणूस जातोच आणि घरी राहिलेल्या मुलांना व गुरांना दुसरे माणूस लागते. एका आजारपणात अशा प्रकारे दोन व्यक्तींचे काम अडते.

हे आजारपण लावणीच्या दिवसांत आले तर परिणाम वर्षभर भोगावा लागतो. भाताची लावणी पावसाच्या ठरावीक दिवसांतच उरकावी लागते. घरातील स्त्री रुग्णापाशी अडकली तर मजूर लावावे लागतात; मजूर मिळाले नाहीत तर खाचर पडीक राहते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागते. अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे कपडे आणि अंथरूण रोज धुवावे लागते. त्यामुळे अशा घराची पाण्याची गरज इतरांहून अधिक असते. टँकरचे पाणी मात्र माणशी हिशेबाने येते.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा महामार्गालगत काम मिळण्याची शक्यता असूनही अनेक स्त्रियांना ते स्वीकारता येत नाही. पाळीची वेळ ठरलेली असते आणि रुग्णाची गरज ठरलेली नसते. सोडलेल्या नोकरीसोबत भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा आणि पुढील निवृत्तिवेतन हेही सुटते. त्यामुळे आयुष्यभर इतरांचे म्हातारपण सांभाळणारी स्त्री स्वतःच्या म्हातारपणी रिकाम्या हाताने उभी राहते. उचल-ठेव करून जडलेली पाठदुखी, अपुरी झोप, मनावरील ताण आणि एकटेपणा यांची गणना निराळीच. आई आजारी पडली की शाळा बुडते ती बहुधा मुलीची, मुलाची नव्हे, हाही अनेक घरांतील अनुभव आहे.

रुग्णालयीन योजनांमुळे हा भार कमी होतो, असे समजले जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांनी शस्त्रक्रियांचा खर्च हलका केला, हे खरेच आहे. परंतु पक्षाघात झालेला किंवा मांडीचे हाड मोडलेला रुग्ण काही दिवसांत घरी पाठवला जातो. रुग्णालयाचे बिल तेथे संपते आणि त्याच दिवशी घरचे काम सुरू होते. ते कित्येकदा काही वर्षे चालते.

सेवा करणारी वेगळी, वारस वेगळा

माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ मध्ये झाला. या कायद्याने मुलगा, मुलगी, नातू व नात यांच्यावर पालनपोषणाची जबाबदारी टाकली आणि निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठेवली. सुनेचा उल्लेख त्यात नाही. सून-जावयांना जबाबदारीच्या व्याख्येत आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही. प्रत्यक्षात मात्र खेड्यातील वृद्धांची सेवा बहुतांशी सूनच करते. मुलगा मुंबईहून पैसे पाठवतो आणि कायद्याच्या दृष्टीने आपले कर्तव्य पार पाडतो. सून हातांनी सेवा करते आणि कायद्याला ती दिसतच नाही.

वारसाहक्कातही हेच घडते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, ही मोठीच सुधारणा झाली. तथापि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार सून विधवा झाली तरच ती सासऱ्याची वारस ठरते. पती हयात असताना नाही. कोकणात एकेका सातबारावर भावकीतील कितीतरी नावे असतात. त्यांतील अनेकजण वर्षानुवर्षे गावी आलेले नसतात. ज्या घरात त्या नावांच्या आईवडिलांची अखेरची सेवा झाली, तेथे ती करणाऱ्या स्त्रीचे नाव सातबारावर बहुधा नसते. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम काढून शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. गृहलक्ष्मीच्या कष्टांचे ऋण फेडावे, अशी त्यामागील भूमिका होती. तो विचार कोकणातील तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीलाही लागू पडतो.

न्यायालयांनी लावलेली किंमत

घरातील कामाला पैशांत किंमत लावण्याचे काम भारतात सर्वप्रथम न्यायालयांना करावे लागले, तेही अपघाती मृत्यूच्या दाव्यांत. जमशेदपूर येथील १९८९ च्या अग्निकांडासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. वृद्ध स्त्रियांसाठी त्याहून कमी धरले. २०१० मध्ये याच न्यायालयाने जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या व कैदी यांच्यासमवेत बिगरकामकरी ठरवण्याच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. जानेवारी २०२१ मधील निकालात २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गृहिणीचे मानीव उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनाहून कमी धरता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हे सर्व निकाल स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांतून एक विसंगतीही उघड होते. वाहनाखाली सापडून ती स्त्री मरण पावली, तर तिच्या कामाचे किमान वेतनाइतके मूल्य ठरते आणि ते तिच्या वारसांना मिळते. ती जिवंत असताना तेच काम करते, तेव्हा त्याचे मूल्य शून्य असते.

योजना आहेत, पण कोणासाठी?

महाराष्ट्रात वृद्ध निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आणि अन्य निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. त्यांची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. आईवडिलांची कावड वाहणाऱ्या श्रावणबाळाचे नाव पहिल्या योजनेला दिले असले तरी तिचे पैसे वृद्धाला मिळतात. कावड वाहणाऱ्यासाठी त्यात तरतूद नाही. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्यास सुरुवात झाली. तिचा शुश्रूषेशी संबंध जोडलेला नाही आणि वयाची पासष्टी ओलांडलेली, तरीही नवऱ्याची सेवा करणारी वृद्धा तिच्या कक्षेत येत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांना ‘काळजीवाहक भत्ता’ देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. केरळ राज्यात ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या कुटुंबीयास दरमहा ६०० रुपये मंजूर होतात. रक्कम अल्प आहे. परंतु ती सेवा करणाऱ्याच्या नावाने आहे, हे तिचे महत्त्व. तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ पासून कुटुंबप्रमुख स्त्रियांना दरमहा १,००० रुपये देणे सुरू केले आणि त्या रकमेला मदत न म्हणता ‘हक्काची रक्कम’ असे नाव दिले.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे बोलकी आहेत. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू केला. तेथे घरीच सेवा होत असेल तर रोख भत्ता मिळतो आणि सेवा करणाऱ्या नातलगाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीही विम्यातून भरली जाते. जपानने २००० मध्ये अशीच योजना आणली. परंतु रोख रक्कम न देता प्रत्यक्ष सेवा देण्याचे ठरवले. रोख रक्कम दिली तर सुना घरातच अधिक जखडल्या जातील, असा आक्षेप तेथील स्त्री संघटनांनी घेतला होता. केवळ पैसे देऊन हा प्रश्न सुटत नाही, हा जपानचा धडा आपणही लक्षात घेण्याजोगा आहे.

खोरे बदलत आहे

ही व्यवस्था इतकी वर्षे चालली, कारण गावात हात होते. आता ते कमी होत आहेत. पूर्वी पुरुष एकटा मुंबईला जाई. आता मुलांच्या शिक्षणासाठी सारे कुटुंबच विरार, नालासोपारा, डोंबिवलीकडे जाते. घरटी मुलांची संख्या घटली. त्यामुळे सत्तरीची पत्नी ऐंशीच्या नवऱ्याला उचलून बसवते, असे दृश्य वाड्यावस्त्यांत सर्रास आढळते. मुंबईस्थित आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींना आंघोळ, कपडे घालणे, चालणे अशा रोजच्या क्रियांपैकी किमान एका क्रियेत अडचण येत असल्याचे आढळले. मुंबईतील मुलगा-सूनही या पेचातून सुटलेले नाहीत. आईला शहरात आणावे तर एका खोलीत जागा नाही आणि तिला तेथे करमत नाही. गावी ठेवावे तर पाहणारे कोणी नाही. गावच्या बिनपगारी श्रमावर उभा असलेला शहराचा हा विमा आता मुदत संपण्याच्या बेतात आहे.

काय करता येईल?

घरच्या शुश्रूषेला प्रशिक्षणाची आणि मानधनाची जोड दिली तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून हीच पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली आणि ठरलेल्या गृहभेटींसाठी २५० रुपयांचा मोबदलाही ठरला. जन्माच्या टोकाला जे शक्य झाले, ते वार्धक्याच्या टोकाला अशक्य मानण्याचे कारण नाही.

गावपातळीवर आरंभ लहान गोष्टींपासून करता येईल. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्ती आणि त्यांची सेवा करणाऱ्या व्यक्ती यांची नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. डोंगरी ग्रामपंचायतींचे उत्पन्न तोकडे असले तरी त्यातून चाकांची खुर्ची, वॉकर, वरखाली होणारी खाट अशी साधने गावात फिरती ठेवता येतील. मुंबईतील ग्रामविकास मंडळे सभागृहांसाठी आणि मंदिरांच्या जीर्णोद्धारासाठी दरवर्षी वर्गणी काढतात. त्याच वर्गणीतून गावातील एखाद्या प्रशिक्षित स्त्रीला मानधन देऊन आठवड्यातून दोन दिवस घरोघरी शुश्रूषेसाठी पाठवता येईल. शुश्रूषा करणाऱ्या सुनेला त्या दोन दिवसांत शेतावर, बाजारात किंवा माहेरी जाता येईल. टँकरच्या वाटपात रुग्ण असलेल्या घराला अधिक पाणी देण्यासाठी तर पैसाही लागत नाही. ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.

राज्य पातळीवर २०१६ च्या कायद्यातील काळजीवाहक भत्त्याची व्याप्ती वाढवून तो अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा करणाऱ्यांनाही लागू करणे आणि त्यांच्या नावे निवृत्तिवेतनाची वर्गणी भरणे, या दोन गोष्टींचा विचार होण्यास हरकत नाही. घराच्या पातळीवर भावंडांनी पैसा पाठवणे आणि हाताने सेवा करणे यांची वाटणी उघडपणे बोलून ठरवावी. वर्षातून पंधरा दिवस पुरुषांनीही गावी येऊन ही सेवा करावी. गणपती आणि शिमग्याला रजा मिळते, तशी ती आईच्या दुखण्यासाठीही काढता येते.

देशाची पुढील जनगणना २०२७ मध्ये घेण्याचे जाहीर झाले आहे. प्रगणक उमरठच्या आणि आसपासच्या वाड्यांच्या उंबऱ्याशी येईल आणि ‘घरात काम कोण करते?’ असे विचारील. सासूच्या उशाशी बसलेल्या सुनेने त्या वेळी ‘मी काही करीत नाही, घरीच असते’ असे उत्तर देऊ नये आणि घरातील पुरुषांनीही ते तिच्या वतीने देऊ नये. तिच्या श्रमाची नोंद होण्यास तेथूनच प्रारंभ होईल.